परत येण्याचं आश्वासन

आमच्या भाऊजींना कुणी काही विचारलं की ते आधी 'हं' म्हणतात, आणि विचारणारा कंटाळून दुसऱ्या कामाला लागला की मग उत्तर देतात. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वॉशिंग मशीन दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. माणसांशी त्यांचं बोलणं असं तोलून-मापून, पण मशीनला कान लावून मात्र ते हवा तितका वेळ बसतात. रिकामं मशीन फिरवायचं, डोळे मिटायचे, आणि मग जाहीर करायचं, 'बेअरिंग गेलंय', नाहीतर 'कुणाची तरी हेअरपिन ड्रमखाली अडकलीय'. बहुतेक वेळा तेच निघतं. अंदाज चुकला तर स्वतःवरच रुसतात, आणि त्या दिवशी माझ्या जावेने जेवताना गप्प राहायचं असतं.

आम्ही एकाच इमारतीत वर-खाली राहतो. ते दोघं तळमजल्यावर, आम्ही त्यांच्या डोक्यावर. आमचे हे बस चालवतात, पहाटे जायचं म्हणून दिवेलागणीलाच घोरायला लागतात, त्यामुळे माझी संध्याकाळ खालीच जाते. खालच्या घरात एक मशीन आहे आणि ते लाथ घातल्याशिवाय सुरू होत नाही. गावभरची मशीनं गुपचूप चालतात आणि दुरुस्त करणाऱ्याच्या घरी ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं मी येता-जाता ऐकवते. भाऊजी 'हं' म्हणतात.

धंदा त्यांना उस्तादांनी शिकवला. उस्ताद म्हणजे जुना, खमक्या कारागीर. चूक झाली की पान्याच्या मागच्या बाजूने बोटांवर टोला द्यायचे. पण शिकवलं ते असं पक्कं की भाऊजी आजही त्यांच्याच पद्धतीने स्क्रू क्रमाने फडक्यावर मांडतात, काम झालं की सांडलेलं पाणी स्वतः पुसतात, आणि घरच्या माणसांचा नीट निरोप घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. पुढे एका मोठ्या कंपनीने आसपासची दुरुस्तीची दुकानं गिळली आणि गुरू-शिष्य दोघंही तिच्या नोकरीत गेले. आता काम कंपनीच्या फोनवर येतं. ग्राहकाच्या दाराची बेल वाजवली की तो फोन चालू करून टेबलावर ठेवायचा आणि बाहेर पडल्यावर बंद करायचा. मधलं सगळं बोलणं त्यात साठतं. उद्या कुणी तक्रार केली तर पुरावा असावा म्हणून, असं त्यांना सांगितलं होतं. भाऊजींना त्याचं काही वाटलं नाही. कर नाही त्याला डर कशाला.

त्या फोनवर प्रत्येक कामगाराचा एक आकडा दिसतो. त्याला 'भरवसा' म्हणतात. भरवसा वर असेल तर काम भरपूर मिळतं, खाली गेला की कमी, आणि फारच खाली गेला की कंपनी नमस्कार करते. उस्तादांना तसाच नमस्कार झाला होता. का, ते कुणी सांगितलं नाही. उस्तादांनी स्वतःच कारण शोधलं: वय झालं, हाताला पूर्वीसारखं कळत नाही. तेव्हापासून ते खिडकीपाशी खुर्ची टाकून बसतात ते बसतातच. शेजाऱ्याने मिक्सर बघायला आणला तरी म्हणतात, माझ्याकडे नको, बिघडेल.

आणि मग भाऊजींचा आकडा घसरायला लागला.

गंमत अशी की ग्राहक त्यांच्यावर खूष होते. फुल्ल तारे देत होते, आवर्जून त्यांनाच पाठवा म्हणत होते. तरी भरवसा खाली, आणखी खाली. भाऊजी साहेबांना विचारायला गेले. साहेब म्हणजे कामं वाटणारा अधिकारी, वाईट माणूस नाही, पण पाठीला कणा द्यायचा राहून गेलेला. तो म्हणाला, सिस्टीम ठरवते, माझ्या हातात काही नाही. ज्याच्या हातात काही नाही त्याला खुर्ची कशाला दिली, हा प्रश्न मी भाऊजींबरोबर पाठवणार होते, पण जावेने मला आवरलं.

भाऊजींनी तेच केलं जे त्यांच्या उस्तादांनी केलं होतं. त्यांनी दोष स्वतःच्या हातांना दिला. झालेलं काम पुन्हा उघडून बघायला लागले. स्क्रू इतके आवळायला लागले की आटे जाऊ लागले. आवाजावरून रोग ओळखणारा हा माणूस, पण आता कानावर विश्वास नाही म्हणून अख्खं मशीन सुटं करायचा. एकदा कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. कान उत्तम, असं डॉक्टर म्हणाले, तर हे म्हणतात, मग डोक्यात काहीतरी झालं असेल. एका संध्याकाळी मी खाली गेले तर ओट्याशी उभे राहून आपलेच तळवे उलटसुलट करून बघत होते.

"वहिनी, माझा हात गेला," ते म्हणाले.

न विचारता भाऊजी बोलले याचंच मला आधी भय वाटलं. मग मी चिडले. मला भीती वाटली की मी चिडते, तो माझा स्वभावच आहे. हात गेला तर कुठे गेला, कुणी पाहिला, कोण म्हणतं? एक आकडा म्हणतो. आणि त्या आकड्याला कोण विचारणार?

मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर लोकांना भिंतीवरची खालची ओळ वाचायला लावते, त्यामुळे बारीक अक्षर दिसलं की ते वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी कंपनीचा फोन मागून घेतला आणि 'गोपनीयता' असं लिहिलेल्या जागी शिरले. सगळे लोक तिथे 'मान्य' म्हणून पुढे जातात. मी बसून वाचलं. भरपूर भुसा होता, पण अगदी तळाशी एक दाणा सापडला. कंपनीने तुमच्याबद्दल जी माहिती साठवली आहे ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि महिन्याभरात ती देणं कंपनीला कायद्याने भाग आहे, असं तिथे चक्क कंपनीनेच लिहिलं होतं. चुकीचं काही असेल तर ते दुरुस्त करून मागण्याचाही हक्क होता. भाऊजींना मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. ते 'हं' म्हणाले. तो होकार समजून मी त्याच बैठकीत त्यांच्याकडून मागणी पाठवून घेतली.

उत्तर आलं. त्यात त्यांचं नाव, पत्ता, फोन नंबर आणि एक फोटो होता. आपण कुठे राहतो हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. फोटोत भाऊजी पाकीट मारताना पकडल्यासारखे दिसत होते, ती तेवढी नवी माहिती. मी दुसऱ्यांदा लिहिलं, या वेळी एकेक गोष्ट फोडून: घराघरात ध्वनिमुद्रित केलेलं बोलणं हवं, त्यावर मारलेले शेरे हवेत, भरवशाचा आकडा कशावरून काढला ते हवं. त्यावर साहेबांचा भाऊजींना फोन. उगाच कशाला खाजवून खरूज काढता, वरच्यांना आवडत नाही, अशा अर्थाचं बरंच काही बोलला. भाऊजी डळमळले. जाऊ द्या वहिनी, म्हणायला लागले, आहे ते कामही जाईल.

माझी जाऊ एरवी वाद घालत नाही. त्या दिवशी मात्र ती पोळपाट बाजूला सारून उभी राहिली. "अहो, आपलंच मागतोय," ती म्हणाली. "शेजाऱ्याच्या घरातली वाटी नाही मागत."

मागणी तशीच राहिली. तो महिना फार वाईट गेला. काम एखाद-दुसरंच यायचं आणि त्या एखाद्यातही भाऊजी घाबरत हात घालायचे. जाऊ म्हणायची, ताई, घरात माणूस आहे पण आवाज नाही. मी तिला धीर द्यायचे आणि वर आले की आमच्या ह्यांना झोपेतून उठवून काळजी सांगायचे. ते कूस बदलून म्हणायचे, येईल उत्तर, बसही उशिरा का होईना येतेच.

बस आली. सुट्टीच्या दिवशी सकाळी कंपनीकडून एवढी मोठी फाइल आली की जावेच्या फोनवर ती उघडेना. मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली. आम्ही दोघी टेबलाशी बसलो. भाऊजींनी आमच्याकडे पाठ केली आणि मटार सोलायला घेतले. तुम्हीच वाचा, म्हणाले, मला ऐकू येतंय.

प्रत्येक पानावर आधी ग्राहकाच्या घरातलं बोलणं उतरवलेलं होतं. ते माणसाने नव्हे, यंत्राने ऐकून उतरवलेलं. त्याखाली चौकटीत शेरे. ते शेरेही यंत्राचेच. जाऊ वाचायला लागली. एका घरी पाण्याचा पंप बदलला होता. ग्राहक म्हणतो, वा, आवाजच नाही आता. कर्मचारी म्हणतो, फिल्टर अधूनमधून धुवत जा. मग कर्मचारी म्हणतो, येतो. ग्राहक म्हणतो, या. संपलं. खाली चौकट: 'आश्वासन आढळले: कर्मचारी परत येणार. ग्राहकाची संमती: आहे. पूर्तता: नाही.'

"त्यांच्याकडे परत जायचं राहिलं होतं का हो?" जावेने विचारलं.

भाऊजी म्हणाले, कशाला, काम तर झालं होतं. जावेने पान उलटलं. दुसऱ्या घरी बेल्ट तुटला होता. शेवटी कर्मचारी, येतो आजी. ग्राहक, या हो. खाली तीच चौकट. परत येण्याचं आश्वासन, संमती आहे, पूर्तता नाही. तिसऱ्या घरी तेच. चौथ्या घरी ग्राहक बिचारा प्रेमाने म्हणाला होता, या पुन्हा, तर तिथे यंत्राने लिहिलं होतं, 'ग्राहक प्रतीक्षेत.'

जाऊ वाचता वाचता थांबली. मला वाटलं रडते आहे. पाहते तर तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते. मला अजून उजेड पडला नव्हता. तिने बोट त्या एका शब्दावर ठेवलं आणि पुढच्या पानावर ठेवलं आणि त्याच्या पुढच्या. येतो. येतो. येतो. मग मी अशी हसत सुटले की वरच्या मजल्यावर आमचे हे जागे झाले.

आता निघताना 'जातो' कोण म्हणतं? लहानपणी कुणी चुकून 'जातो' म्हटलं तर चार तोंडांतून एकदम येतं, जातो नाही, येतो म्हणावं. निघणारा 'येतो' म्हणतो, राहणारा 'या' म्हणतो, आणि दोघांनाही पक्कं ठाऊक असतं की कुणी कुठे येत नाहीये. आमचे दुकानाचे मालक संध्याकाळी शटर ओढताना 'दुकान वाढवतो' म्हणतात. त्या यंत्राने त्यांना ऐकलं असतं तर आमचं दुकान एव्हाना चौकापर्यंत पोचल्याची नोंद झाली असती. कंपनीची तरुण मुलं या फेऱ्यातून सुटली, कारण ती निघताना कंपनीने घोकून घेतलेलं वाक्य म्हणतात, आपला दिवस आनंदात जावो. भाऊजींच्या तोंडी ते वाक्य कधी बसलंच नाही. ते उस्तादांनी शिकवलेला निरोप घेत राहिले, आणि घेतलेल्या प्रत्येक निरोपागणिक दिलेला शब्द मोडणारे ठरत गेले.

भाऊजी मात्र हसले नव्हते. मटाराची परात बाजूला ठेवून ते आले आणि म्हणाले, कामाबद्दल काय लिहिलंय? ते कुठे असतं? मी माझा चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला आणि ती ओळ दाखवली. 'दुरुस्ती: यशस्वी.' त्यांनी पान उलटलं. दुरुस्ती यशस्वी. आणखी एक. अख्खा गठ्ठा त्यांनी एकेक पान करून, उभ्या उभ्या वाचला. हाताबद्दल, कानाबद्दल कुठेही एक वाकडा शब्द नव्हता.

"नाही गेला हात," जाऊ हळूच म्हणाली.

भाऊजींनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. त्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या. मला इतका आनंद झाला होता की काय करावं ते कळेना, म्हणून मी त्यांना म्हटलं, आता आधी घरातलं मशीन बघा.

साहेबाला हे कळल्यावर त्याने सोपा मार्ग सुचवला: 'येतो' म्हणणं सोडा. भाऊजींनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. दुसऱ्याच दिवशी एका म्हाताऱ्या बाईंकडे काम संपवून ते म्हणाले, निघतो. बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. काही चुकलं का आमचं, रागावलात का, असं विचारत दारापर्यंत आल्या. भाऊजींना इतकं वाईट वाटलं की ते परत आत जाऊन पाच मिनिटं बसले आणि नीट 'येतो' म्हणून बाहेर पडले. घरी येऊन त्यांनी सांगितलं, हे काही आपल्याला जमणार नाही, चूक त्यांची आहे, त्यांनी सुधारावी. एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मग दुरुस्तीची मागणी लिहिली. माझ्या पहिल्या खर्ड्यात कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार होता. जावेने तो सगळा खोडला आणि उरलेलं पाठवलं. थोड्या दिवसांनी कंपनीच्या माहिती विभागातल्या एका बाईंचा फोन आला. सुरुवातीला फार सरकारी बोलत होत्या. भाऊजींनी त्यांना विचारलं, बाई, तुम्ही घरातून निघताना काय म्हणता?

"माझी आई अजून मला 'जाते' म्हणू देत नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना.

त्यांनी शब्द दिला की शेरे काढून टाकले जातील, आकडा नव्याने काढला जाईल, आणि 'येतो' म्हणजे काय ते यंत्राला शिकवलं जाईल. भाऊजींनी आणखी एक विचारलं. आमचे उस्ताद होते तुमच्याकडे, तेही असंच म्हणायचे, त्यांचं बघाल का? त्यावर बाई पुन्हा सरकारी झाल्या. एकाची माहिती दुसऱ्याला देता येत नाही, ती ज्याची त्यानेच मागायला हवी. बरं, ठेवते, म्हणाल्या आणि फोन बंद झाला. काय ठेवते, कुठे ठेवते, याचं त्यांच्या यंत्राने काय लिहिलं असेल देव जाणे.

आकडा खरंच वर आला, आणि कामंही. पण भाऊजींना चैन नव्हतं. त्या रविवारी ते फाइल घेऊन उस्तादांकडे निघाले आणि मला म्हणाले, वहिनी, चला, मला एवढं बोलता येणार नाही.

उस्ताद खिडकीपाशीच होते. हात मांडीवर, तळवे वर. त्यांच्या बायकोने आम्हाला बसायला दिलं आणि स्वतः दारात उभी राहिली. मी बोलायला तोंड उघडलं, पण भाऊजीच बोलले. सगळं, सुरुवातीपासून, एका दमात. उस्ताद ऐकत होते आणि मान हलवत होते. मला बरं वाटावं म्हणून रचून सांगतोस, म्हणाले. भाऊजींनी फाइल त्यांच्या मांडीवर ठेवली. उस्तादांनी एक पान अक्षर अक्षर लावत वाचलं. मग दुसरं. दुसऱ्या पानावर त्यांनी 'दुरुस्ती: यशस्वी' या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हणजे हाताचं काही नव्हतं?" त्यांनी विचारलं.

भाऊजी म्हणाले, माझ्या फाइलीत तरी हाताबद्दल कुठे काही नाही. तुमच्या फाइलीत काय आहे ते तुम्हीच मागायला हवं. उस्तादांनी बायकोकडे पाहिलं. तिने आत जाऊन पेन आणलं. मागणी मी लिहिली. उस्तादांनी प्रत्येक ओळ दोनदा वाचायला लावली आणि मग सही केली.

उत्तर कधी येईल, त्यांनी विचारलं. महिना लागतो, मी म्हटलं.

"महिनाभर इथे बसून काय करू?" उस्ताद भाऊजींना म्हणाले. "उद्या तुझ्याबरोबर येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाची पिशवी घ्यायला खाली उतरले. भाऊजींचं दार अजून उघडलं नव्हतं. पायरीवर उस्ताद बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि मला बघून म्हणाले, त्याला उठवा, उशीर होतोय.